१:६४ च्या टपरीवर १:७२ चं गिऱ्हाईक

डायकास्ट म्हणजे धातूच्या ओतीव छोट्या गाड्यांचा देखावा करायचा म्हटलं की गाडी १:६४ ची, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या हिश्श्याची, सहज मिळते. अडतं ते बाकीच्या सामानावर. माणसं हाती लागतात ती १:७२ ची, झाडं आणि पिंपं रेल्वे मॉडेलवाल्यांची एचओ म्हणजे १:८७ ची, विटांचा छापील कागद ब्रिटिश डबल-ओचा, म्हणजे १:७६ चा. सगळं एकाच मापाचं मिळेपर्यंत थांबलं तर गाडी डब्यातच राहते. तेव्हा मिसळायचंच. फक्त कुठे खपतं आणि कुठे खुपतं ते आधी ठरवायचं.

डब्यावर छापलेल्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. खेळण्यातल्या स्वस्त गाड्या बऱ्याचदा खोक्यात मावतील अशा बेताने बनवलेल्या असतात, त्यामुळे छोटी मोटार आणि बस जवळजवळ एकाच लांबीच्या निघतात. पट्टी लावा. खऱ्या वस्तूचे मिलीमीटर भागिले मॉडेलचे मिलीमीटर, झालं गणित. मारुती ८०० ची खरी लांबी ३,३३५ मिमी. १:६४ मध्ये ती ५२ मिमी भरायला हवी. ७० भरली तर ती जवळपास १:४८ ची आहे, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. रिक्षा साधारण २.६ मीटरची, म्हणजे ४१ मिमी. पाऊणशे मिलीमीटरची रिक्षा १:६४ च्या गाडीशेजारी टेम्पोसारखी दिसते.

आता माणसं. १६५ सेंमीचा माणूस १:६४ मध्ये २५.८ मिमी, १:७२ मध्ये २२.९ आणि १:८७ मध्ये १९ मिमी. उलटं मोजलं की खरी गोम कळते. १:७२ चा हा माणूस १:६४ च्या जगात ४ फूट १० इंचांचा ठरतो: ठेंगणा, पण खपून जाणारा. त्यातही १:७२ च्या पाकिटातला २५ मिमीचा उंच गडी निवडला तर तो ५ फूट ३ इंचांवर येतो आणि कुणाला शंकाही येत नाही. एचओचा माणूस मात्र ४ फुटांचा होतो. सात-आठ वर्षांच्या पोराची उंची, वर मिशी. तो पुढे उभा करूच नका. उंची एक वेळ लपवता येते, डोकं लपत नाही: १:६४ ला साडेतीन मिमीचं डोकं लागतं, एचओचं अडीचच असतं.

फरक सगळ्यात जास्त चुगली करतो तो माणसाच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूंत. बाकडं, पायरी, दार, सायकल, हातातली किटली. उदाहरणार्थ बाकडं. बसायची उंची ४५ सेंमी, म्हणजे १:६४ मध्ये ७ मिमी. त्यावर १:७२ चा बसलेला माणूस ठेवला की त्याचे पाय जमिनीपासून पाऊण मिलीमीटर वर लोंबकळतात. पाऊण मिलीमीटर म्हणजे काय ते, असं वाटेल. पण पायाखाली सावलीची रेघ पडते आणि माणूस ठेवल्यासारखा दिसतो, बसल्यासारखा नाही. उपाय सोपा. बाकड्याचे पाय पॉलिश पेपरवर घासून उंची ६.३ मिमी करा. बाकडं बुटकं आहे हे कुणी ओळखत नाही, पाय टेकलेले सगळ्यांना दिसतात. टपरीच्या आत उभ्या असलेल्या चहावाल्याचे पाय कोण बघतो? त्याच्याखाली ३ मिमी सनबोर्डचा (हलक्या फोमच्या पत्र्याचा) तुकडा सरकवा.

सायकलचंही तसंच. २८ इंची चाक १:६४ मध्ये ११ मिमी. १:७२ ची सायकल भिंतीला टेकवून ठेवली तर २५ इंची चाकाची वाटते, चालते. तिच्यावर १:६४ चा स्वार बसवला की सर्कस.

ज्या वस्तू खऱ्या आयुष्यातच लहानमोठ्या असतात त्यांचं काही बिघडत नाही. पोती, मडकी, टोपल्या, दगड, झाडं बिनधास्त मिसळा. एचओचा गॅस सिलिंडर १:६४ मध्ये ४६ सेंमीचा होतो, म्हणजे ५ किलोचा छोटा सिलिंडर समजायचा. २०० लिटरचं पिंप मात्र सगळ्यांच्या नजरेत बसलेलं आहे, ते १४ मिमी उंच हवं. एचओचं १० मिमीचं पिंप डांबराच्या काळ्या रंगात रंगवू नका. ऑइल पेंटचा मोठा डबा म्हणून वेगळ्या रंगात खपवा.

विटांचा कागद फसवतो. आपली नऊ इंची वीट १:६४ मध्ये ३.६ बाय १.२ मिमी, डबल-ओच्या कागदावर ती ३ बाय १ मिमी असते. सात फुटी दाराच्या उंचीत, सांधे धरून, साधारण २५ थर बसायला हवेत. त्या कागदाचे २९ बसतात. थर कुणी मोजत नाही, पण दार उगाच भव्य वाटायला लागतं. म्हणून असा कागद दार नसलेल्या मागच्या भिंतीला लावावा, किंवा सरळ गिलावा करून कोपऱ्यातल्या पाच-सहा विटाच उघड्या दाखवाव्यात.

खरी मजा मागच्या ओळीत आहे. लहान माप मागे गेलं की दोष न राहता खोली होते. ३० बाय २० सेंमीचा पाट घेतला तर १:६४ मध्ये तो जेमतेम १९ बाय १३ मीटर जागा दाखवतो. ४० सेंमीवरून बघताना पुढच्या काठापासून १५ सेंमी मागे एचओचा माणूस ठेवा: नजरेला तो ३५ सेंमी मागे असल्यासारखा दिसतो, म्हणजे १० मीटरऐवजी २२ मीटर लांब. मधल्या पट्ट्यात १:७२, पुढे १:६४. मापं उतरत जाऊ द्या, मध्येच उलटी करू नका. एका घोळक्यात एकच माप ठेवा.

यात हमखास राहून जाते ती डोळ्यांची रेषा. सपाट जमिनीवर माणसाच्या उंचीवरून पाहिलं तर जवळच्या-लांबच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे एकाच आडव्या रेषेत येतात. १:६४ चे डोळे जमिनीपासून २४ मिमीवर, १:७२ चे साडेएकवीस, एचओचे १८ मिमीवर. म्हणजे जमीन मागे चढती हवी: मध्यावर अडीच मिमी, मागे ६ मिमी. थर्माकोल कापतानाच हा उतार काढा, वर पावडर टाकल्यावर जमत नाही. हा चढ नसेल तर मागची माणसं खड्ड्यात उभी वाटतात. दिवाळीच्या किल्ल्यावर बोटभर मावळ्याशेजारी वीतभर महाराज शोभतात, कारण तिथे माप मानाचं असतं. टपरीला ती सवलत नाही.

मातीलाही माप असतं. एक मिलीमीटरचा वाळूचा दाणा १:६४ मध्ये साडेसहा सेंमीची खडी होतो. पुढची माती चहाच्या गाळणीतून, मागची जुन्या मलमलीतून चाळून घ्या. ४ मिमीचं स्टॅटिक ग्रास (उभ्या धाग्यांचं नकली गवत) म्हणजे दहा इंच वाढलेलं गवत. रस्त्याकडेला २ मिमीचं पुरे. मागच्या वस्तूंच्या रंगात थोडा पांढरा-करडा मिसळला की त्या आणखी लांब जातात.

देखाव्यात रूळ घालायचे असतील तर १:६४ फार सोयीचं. एचओचे १६.५ मिमी अंतराचे रूळ त्यात १,०५६ मिमीचे होतात, जवळजवळ मीटरगेज. रेल्वे मॉडेलच्या त्याहून लहान एन स्केलचे ९ मिमी रूळ ५७६ मिमीचे. नेरळ-माथेरानच्या ६१० मिमीच्या जवळ. पण एनचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, १:६४ ला फार दाट आणि आखूड पडतात. एकाआड एक कापून काढा, राहिलेले माचिसच्या काड्यांनी लांब करा आणि दोन्ही टोकं मातीत बुडवा.

थ्रीडी प्रिंट करून घेणार असाल तर १:७२ ची फाइल ११२.५ टक्के, १:८७ ची १३६ टक्के, १:३५ ची ५४.७ टक्के. मोठी करताना फारसं बिघडत नाही, फक्त चुण्या-बटणं जाड दिसतात. लहान करताना घात होतो: १:३५ च्या सायकलचा ०.४ मिमीचा आरा ०.२२ वर येतो आणि प्रिंटला आधार देणारे सपोर्ट काढतानाच तुटतो. असे भाग आधी फाइलमध्ये जाड करून घ्या.

फेविक्विक लावण्याआधी सगळं ब्लू-टॅकवर (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्यावर) उभं करून फोटो काढा. फोन उलटा धरा म्हणजे लेन्स जमिनीलगत येते, आणि अगदी जवळ न जाता ४० सेंमीवरून दोन पट झूम करा. जवळून वाइड लेन्सने मागचं सगळं फाजील लहान दिसतं. फोटो कृष्णधवल करा. रंगाचं लक्ष हटलं की जे डोकं किंवा चाक बेमाप असेल ते लगेच दिसतं. ते आणखी एक बोट मागे सरकवा, नाहीतर त्याच्यापुढे एक पोतं ठेवा.