रॅम वाढली, पीसी रुसला

आजचा रविवार कॅबिनेट उघडं टाकूनच गेला. बजेट पीसीत रॅमची ८ जीबीची दुसरी स्टिक लावली, ड्युअल चॅनेलसाठी, म्हणजे दोन्ही स्टिक एकदम वापरून डेटाची वाट रुंद करायला. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलं जीपीयू (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) रॅमच वापरतं. त्यामुळे गेममधला फरक लगेच डोळ्यांना दिसला. आणि मग ऐन लढाईत विंडोज कोसळल्याची निळी स्क्रीन!

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) नोंद 'कर्नल-पॉवर ४१'. ही दिसली की लोक थेट पॉवर सप्लायला फासावर चढवतात. पण ती एवढंच सांगते की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. का, ते सांगत नाही. म्हणून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं. एकेक स्टिक वेगळी तपासली तर दोन्ही स्वच्छ. जोडीने लावल्या की एररच एरर. दोन्ही डीडीआर४ प्रकारच्या, दोन्ही ३२०० वेगाच्या, पण टायमिंग (प्रतिसादाला लागणारा वेळ) वेगळं. एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी तयार सेटिंग, हा मुळात ओव्हरक्लॉकच (प्रमाण वेगापेक्षा जास्त पळवणं), आणि तो त्या-त्या किटपुरता तपासलेला असतो, अनोळखी जोडीदारासह नाही. (पाकिटावर हे ठळक का छापत नाहीत, देव जाणे.)

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) रॅमचा वेग २९३३ वर आणला आणि टेस्ट बिनचूक पार पडली. थोड्या फ्रेम्स गेल्या असतील, मला तरी खेळताना कळलं नाही. संध्याकाळभर एकदाही क्रॅश नाही.

पुढचा नंबर एसएसडीचा, म्हणजे वेगवान स्टोरेजचा. जुनी हार्ड डिस्क मॅप लोड करेपर्यंत समोरची टीम अर्धा सामना मारून बसलेली असते.