मीठ-लिंबू जरा बाजूला ठेवा

लोअर परळच्या एका बारमध्ये मी काउंटरमागे असते. शनिवारी रात्री टकीला मागणाऱ्यांची तऱ्हा ठरलेली: मनगटावर मीठ, एका दमात ग्लास रिकामा, लगेच लिंबाची फोड, तोंड वाकडं. मजा असते, नाही म्हणत नाही. पण ते मीठ-लिंबू बहुतेकदा स्वस्त मालाची चव झाकायच्याच कामाचं.

नियमाप्रमाणे टकीलासाठी आंबवायच्या साखरेतली किमान ५१ टक्के निळी अगावे या झाडाची हवी. उरलेली उसाची असली तरी चालते. या मालाला मिक्स्टो म्हणतात, पण तसं बाटलीवर छापेल कोण? म्हणून लेबलवर '१०० टक्के अगावे' शोधायचं. नसेल, तर समजून जा. आणि 'गोल्ड'ला भुलू नका, तो रंग बऱ्याचदा नुसता कॅरमलचा असतो.

अगावे म्हणजे गावी बांधावर दिसते त्या घायपातीच्याच कुळातली. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात तिची शेतंच्या शेतं आहेत. पीक काढायला यायला सहा-सात वर्षं लागतात. फुलाचा दांडा वर यायला लागला की तो छाटतात, नाहीतर झाड जमवलेली सगळी पुंजी त्यातच घालवतं. मग हिमादोर, म्हणजे अगावे कापणारा कामगार, येतो. लांब दांड्याच्या, गोल पात्याच्या कोआने तो एकेक पान सपासप उडवतो आणि खाली उरतो गड्डा, पिन्या. चाळीस-पन्नास किलो सहज भरतो. त्यातल्या इन्युलिनची, म्हणजे झाडाने साठवलेल्या पिष्टासारख्या पदार्थाची, साखर व्हायला तो शिजावा लागतो. जुनी पद्धत विटांच्या भट्टीची, त्यात दीड-दोन दिवस जातात. घाईवाले ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे भल्यामोठ्या प्रेशर कुकरमध्ये, काही तासांत उरकतात. चांगल्या ब्लँकोला, म्हणजे बिनरंगी टकीलाला, भाजलेल्या रताळ्यासारखा वास येतो, तो या शिजण्याचा. पुढे रस काढायचा, आंबवायचा, निदान दोनदा गाळायचा.

ब्लँको बहुधा लगेच बाटलीत जाते. रेपोसादो ओकच्या पिंपात किमान दोन महिने, आन्येहो किमान एक वर्ष, एक्स्ट्रा आन्येहो तीन. मला विचाराल तर सुरुवात ब्लँकोने करा. तिथे लाकूड मदतीला येत नाही, माल कसा आहे ते कळतं. क्रिस्तालिनो नावाचा प्रकार मात्र माझ्या पचनी पडत नाही: पिंपात मुरवून रंग आणायचा आणि मग कोळशातून गाळून तोच काढून टाकायचा! पार्टीवाल्यांना नेमकी तीच हवी असते.

आणि हो, बाटलीतली ती अळी मेस्काल या अगावेच्याच दुसऱ्या दारूच्या काही बाटल्यांत असते, टकीलात नाही. हे मला आठवड्यातून एकदा तरी सांगावंच लागतं.

दख्खनच्या घायपातीपासून आपल्याकडेही दारू बनते, चांगली बनते. पण १९७४ पासून टकीला हे नाव हालिस्को आणि आणखी चार राज्यांतल्या ठरावीक भागांपुरतंच राखीव आहे, त्यामुळे आपल्या बाटलीवर 'अगावे स्पिरिट' असतं. गिऱ्हाईक लेबल वाचतं, माझ्याकडे संशयाने बघतं आणि म्हणतं, "मॅडम, ओरिजिनल द्या ना."