तुम्ही विचारलंत म्हणून: आजोळचं आठवतं, मग कालचं का नाही?

"काकू, ग्वाल्हेरच्या आजोळी जिन्याला किती पायऱ्या होत्या तेही सांगता, मग मी काल येऊन गेले ते कसं आठवत नाही?" इंदूरला रामबागेतल्या आमच्या गल्लीत हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणाऱ्याला काळजी असते, पण कधीकधी शंकाही असते की ही सोयीचं तेवढंच विसरते की काय. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

२०२२च्या पावसाळ्यात मला ताप आला. तिसऱ्या दिवशी मी सुनेला माझ्या बहिणीच्या नावाने हाका मारायला लागले. घरच्यांना वाटलं, तापात बरळतेय. मग फिट आली. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं. हर्पिसच्या विषाणूमुळे मेंदूला सूज आली होती, एन्सेफलायटिस. उपचार झाले नाहीत तर या आजारात १०तले ७ जण दगावतात. असायक्लोव्हिर हे औषध २१ दिवस शिरेतून दिलं, आणि मी घरी आले. हे सगळं मला सांगितलेलं आहे. त्यातला एक दिवसही माझ्याजवळ नाही.

हा विषाणू बहुधा कानशिलामागचा मेंदूचा भाग धरतो. तिथे आत हिप्पोकॅम्पस असतो. आज घडलेलं उद्यासाठी जपून ठेवायचं काम त्याचं. आजोळचा जिना पन्नास वर्षांपूर्वीच पक्का झाला, म्हणून तो शाबूत आहे. कालचं मात्र आत शिरलंच नाही. म्हणून "विसरलीस" म्हटलं की मला लागतं. विसरायला आधी ते असावं लागतं.

फोन नंबर सांगा, लगेच दहाही आकडे म्हणून दाखवीन. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, लक्ष तिकडे गेलं, की नंबर गेला. तुम्ही नंबर सांगितला होता हेही गेलं.

सगळ्यात भीती गोळ्यांची. घरी आल्यावर एकदा फिटची गोळी मी दोनदा घेतली आणि दिवसभर गुंगीत पडून राहिले. आता सात कप्प्यांचा डबा आहे. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत येते, ते ऐकू आलं की डबा उघडायचा. आजचा कप्पा रिकामा असेल तर गोळी घेतलेली आहे. मनाला विचारायचं नाही, कप्प्याला विचारायचं. वहीचंही तसंच. काम झाल्यावरच लिहायचं, आधी नाही. नाहीतर लिहिलेलं दिसतं आणि झालं असंच वाटतं.

एका गोष्टीचं मला अजून नवल वाटतं. मी दवाखान्यात असताना घराचं पुढचं दार बदललं. नवी कडी जरा वर उचलून मगच सरकवावी लागते, नाहीतर अडकते. सुनेने मला ती कितीतरी वेळा शिकवली म्हणे. शिकवल्याचं काहीही आठवत नाही. पण दारापाशी उभी राहिले की हात आपणहून कडी वर उचलतो, मग सरकवतो.

अमेरिकेत हेन्री मोलेसन म्हणून गृहस्थ होते. १९५३ साली फिट थांबाव्यात म्हणून त्यांच्या मेंदूतला हाच भाग दोन्ही बाजूंनी काढला, आणि नवीन काही लक्षात राहणं बंद झालं. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज त्यांना ते काम नवंच वाटे, तरी हात मात्र दिवसागणिक सुधारत गेला. मुलाने हे वाचून दाखवलं तेव्हा मी रडले, असं वहीत आहे. मी नुसती रिकामी झालेली नाही, शिकतेही आहे, हे मला त्या कडीने आणि त्या चांदणीने सांगितलं.

म्हणून एक विनंती. "ओळखा बघू मी कोण?" असं विचारू नका. शेजारच्या नव्या सुनेचं नाव मला असंच ओळखायला लावलं, मी अंदाजाने भलतंच सांगितलं, आणि पुढे तीन महिने तेच माझ्या तोंडी बसलं. अशा आजारात चूकही शिकली जाते, आणि ती चूक होती हे मात्र लक्षात राहत नाही. म्हणून चूक होऊच न देता शिकवायची एक पद्धतच आहे. तुम्ही सरळ सांगा, "काकू, मी कालही आले होते, आपण चहा घेतला." एवढं पुरतं.

पहिल्या वर्षात बरंच सुधारलं. सकाळी पोह्यांवर शेव घातली होती की नाही, हे आता दुपारपर्यंत राहतं. दमले, झोप कमी झाली, की पुन्हा सगळं निसटतं.

सुरुवातीला मी ह्यांना एकाच सकाळी सात-आठ वेळा विचारायचे, "दूध आलं का?" आणि हे दर वेळी, पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगायचे, "आलं, तापवून ठेवलंय." हे मला आठवत नाही. सुनेने सांगितलं. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे, म्हणजे रोज वही उघडली की आधी तेच वाचलं जातं.