आधी कागदावर का?

"मॅडम, अ‍ॅन्सिस सॉफ्टवेअर दोन मिनिटांत उत्तर देतं. मग तुम्ही पोरांकडून स्प्रिंगांची गणितं कागदावर का करून घेता?" मुलं विचारतात, पालक विचारतात, प्लेसमेंटच्या दिवसांत सहकारीही विचारतात. प्रश्न रास्त आहे. नोकरीत मॅट्रिक्स कुणी हातानं सोडवत नाही.

तरी फायनाइट एलिमेंटचा, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे पाडून तिचं ताणणं-वाकणं मोजायच्या पद्धतीचा, माझा पहिला तास दोन स्प्रिंगांचाच असतो. एकापुढे एक जोडलेल्या, एक १०० न्यूटन प्रति मिलिमीटरची, दुसरी २०० ची, नोड (टोकांचे आणि जोडाचे बिंदू) तीन. स्टिफनेस मॅट्रिक्स, म्हणजे कोणता नोड सरकवायला कुठे किती बल लागतं याचा तक्ता, मांडून झालं की मी सांगते, प्रत्येक ओळीची बेरीज करा. शून्य, शून्य, शून्य. का? वर्ग गप्प. ही शांतता मी मुद्दाम लांबू देते. मग मागच्या बाकावरून कुणीतरी चाचरत बोलतं, "तिन्ही नोड सारखेच सरकले तर स्प्रिंग ताणलीच जाणार नाही. मग बल कुठून येणार?" झालं! डिटरमिनंट शून्य का, म्हणजे समीकरणं सुटत का नाहीत, तेही यातच आलं. कुठेच न बांधलेली वस्तू ढकलली तर ती किती सरकेल, याला उत्तरच नसतं. आता पहिला नोड भिंतीला बांधा आणि टोक १००० न्यूटननं ओढा. मधला नोड १० मिलिमीटर सरकतो, टोक १५. पुढे सॉफ्टवेअर रिजिड बॉडी मोशनची, म्हणजे वस्तू न ताणता सबंध सरकत असल्याची, तक्रार करतं तेव्हा ही मुलं मेश (तुकड्यांची जाळी) बारीक करत बसत नाहीत. सपोर्ट कुठे द्यायचा राहिला ते शोधतात.

दुसरं गणित कँटिलिव्हरचं, म्हणजे एकच टोक घट्ट बांधलेल्या पट्टीचं. पोलादी पट्टी १ मीटर लांब, २० मिलिमीटर रुंद, ४० उंच. टोकाला ५०० न्यूटन. सूत्रानं टोक ७.८ मिलिमीटर झुकतं. तीच पट्टी उंचीत एकच थर ठेवून तीन नोडांच्या त्रिकोणांनी मेश केली की उत्तर निम्म्याहूनही कमी येतं. एरर नाही, रंग झकास. त्या त्रिकोणात स्ट्रेन (ताणलं-दाबलं जाण्याचं प्रमाण) सगळीकडे एकच. वाकताना वरची बाजू ताणली जाते नि खालची दाबली जाते, ते त्याला दाखवताच येत नाही, म्हणून पट्टी उगाच ताठ होते. ७.८ वहीत नसेल तर हे कळायचं कसं?

याची किंमत मोठी असू शकते. नॉर्वेत २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइपनर ए या समुद्रातून वायू काढायच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीत फुटून बुडाला. भिंतींच्या सांध्यातला मेश इतका ढोबळ होता की शिअर (कातरणारं बल) ४७ टक्के कमी दिसला होता. शिवाय तिथलं लोखंडही अपुरं होतं.

माझी फजिती त्यामानानं किरकोळ. पहिल्या नोकरीत एका ब्रॅकेटची नैसर्गिक वारंवारता (ठोकल्यावर तो सेकंदाला किती वेळा कंपतो) काढली होती, १२ हर्ट्झ. अ‍ॅनिमेशन छान डुलत होतं. सीनियरांनी रिपोर्ट पाहिला, कपाटातून तोच ब्रॅकेट काढला आणि त्यावर पाना आपटला. टण्ण!

"बारा हर्ट्झ ऐकू येतं का गं तुला?"

घनतेत टनाऐवजी किलो टाकले होते, म्हणजे ब्रॅकेट हजारपट जड झाला होता. खरं उत्तर ३८० निघालं.