व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करताना

सांगलीतल्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावरून व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) रेडिओ खाली आला की तो लगेच लावून पाहण्याची घाई होते, आणि ती घाईच पुष्कळदा ट्रान्सफॉर्मरच्या मुळावर येते. वर्षानुवर्षे बंद असलेल्या सेटमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत ओलसर रसायन असलेले, वीज साठवणारे भाग) सुकलेले असतात, म्हणून मी ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे रेडिओकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच, जोडूनच वीज देतो. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लखलखीतच राहिला तर आत शॉर्ट आहे.

खरे दगाबाज मात्र कागदी कपॅसिटर. आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या नळीच्या) ग्रिडला, म्हणजे प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीला, जोडलेल्या कपॅसिटरमधून वीज गळू लागली की ग्रिडवर धन विद्युतदाब चढतो, प्रवाह बेसुमार वाढतो आणि प्लेट (नळीतला प्रवाह झेलणारा पत्रा) लालबुंद होते. म्हणून रेडिओ खणखणीत वाजत असला तरी तो कागदी कपॅसिटर काढून मी ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कपॅसिटर बसवतो. (कॅबिनेटच्या पॉलिशपासून सुरुवात करणाऱ्यांशी माझे पटत नाही.)

जुन्या डायलवर बहुधा किलोहर्ट्झऐवजी लहरीची लांबी मीटरमध्ये छापलेली असते, त्यामुळे १२५१ किलोहर्ट्झचे आकाशवाणी सांगली केंद्र २४० मीटरच्या आसपास शोधावे लागते. काटा तिथून बराच सरकलेला आढळला, तर आधी काटा सरकवणारी डायलची दोरी तपासावी. स्टेशन जुळवणाऱ्या कॉइलच्या स्क्रूंना उगाच हात लावू नये.