ताप उतरला आणि पोरगा चालेचना

गेल्या पावसाळ्यात माझ्या सात वर्षांच्या पोराला चार दिवस ताप, सर्दी, खोकला होता, शाळेत अर्धा वर्ग आजारी म्हणून मीही धरून चालले की व्हायरल आहे, होईल बरा. पाचव्या दिवशी ताप उतरला, स्वतःहून वरणभात मागितला, हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरला तर पाय टेकवेना. "आई पोटऱ्या दुखतायत" म्हणत रडायलाच लागला, भिंत धरून, टाचा उचलून चवड्यांवर कसाबसा बाथरूमपर्यंत गेला. माझ्या पोटात गोळाच आला. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएसचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे, पेशंट निघाले होते ना, आम्ही पुण्यातलेच, त्यामुळे डोक्यात पहिलं तेच आलं.

डॉक्टरांनी पोटऱ्या दाबून बघितल्या, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पाय टुणकन उडाला तेव्हा म्हणाले हे जीबीएस वाटत नाही. रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढतं ते) हजारांत आलं आणि स्वॅबमध्ये इन्फ्लुएन्झा बी, म्हणजे फ्लूचाच एक प्रकार. फ्लू उतरताना शाळकरी मुलांच्या, त्यातही मुलग्यांच्या, पोटऱ्यांचे स्नायू असे सुजतात आणि ते बी मध्ये जास्त दिसतं म्हणे. आराम, भरपूर पाणी, पॅरासिटामॉल, एवढंच, फक्त लघवी कोकसारखी काळपट झाली तर लगेच या म्हणाले कारण मग किडनीचा प्रश्न येतो. मी दोन दिवस प्रत्येक वेळी लघवीचा रंग बघत होते. चौथ्या दिवशी पोरगा जिन्यावरून धावत खाली गेला.

फ्लू म्हटलं की आपल्याला स्वाईन फ्लूच आठवतो. २००९च्या ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला, १४ वर्षांची शाळकरी मुलगी. स्वाईन फ्लूचा तो एच१एन१ विषाणू नवा होता, म्हाताऱ्या माणसांकडे जुन्या फ्लूची थोडीफार प्रतिकारशक्ती होती, पोरांकडे काहीच नव्हती. २०२३च्या सुरुवातीला एच३एन२ या दुसऱ्या फ्लूची लाट आली, तो आजीआजोबांना आणि अगदी लहानग्यांना जास्त छळतो, जोराचा ताप चढून झटके येऊ शकतात. आणि बी ला सगळे सौम्य म्हणतात, पण तो शाळेतल्या पोरांनाच जास्त धरतो आणि त्यानेही न्यूमोनिया होतो, मुलं दगावतातही. सौम्य म्हणून सोडून देऊ नका प्लीज.

एक ते पाच वर्षांचं मूल शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा जास्त श्वास घेत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर रात्र असली तरी निघा. ॲस्पिरिन अजिबात नको, फ्लूमध्ये मुलांच्या लिव्हर आणि मेंदूवर येऊ शकतं. टॅमीफ्लू हे फ्लूचं औषध द्यायचंच असेल तर पहिल्या ४८ तासांत चांगलं चालतं, म्हणून दोन दिवस वाट बघू हे मी आता करत नाही.

लस सहा महिन्यांपासून देता येते आणि दरवर्षी घ्यावी लागते कारण विषाणूचे स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, बदलतात. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो म्हणून त्याआधीच घेतलेली बरी. नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, त्यामुळे धाकटीचा पहिला यंदा मेमध्येच देऊन टाकला, दुसरा शाळा सुरू व्हायच्या आत.