नाइफ एंजलपाशी ड्युटी

२०१९ च्या मार्चमधली गोष्ट. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत मास्टर्स करत होतो आणि स्टुडंट व्हिसाच्या आठवड्याला २० तासांच्या लिमिटमध्ये सिक्युरिटीची कामं करायचो, कधी मॉल कधी मॅच. त्या आठवड्यात ड्युटी लागली कॅथेड्रलबाहेर, नाइफ एंजलपाशी. म्हटलं पुतळ्याची राखण म्हणजे निवांत, नुसतं कुडकुडत उभं राहायचं.

२७ फुटी देवदूत, तळवे उघडे, हे काय करून बसलात असं विचारल्यासारखा चेहरा. आणि सगळा चाकूंचा, १ लाख चाकू, इंग्लंड-वेल्सच्या ४३ पोलीस दलांनी जप्त केलेले किंवा लोकांनी स्वतःहून पेट्यांत आणून टाकलेले. आल्फी ब्रॅडली नावाच्या शिल्पकाराने ऑस्वेस्ट्रीच्या वर्कशॉपमध्ये ते वेल्ड केलेत, आधी धार घालवून, निर्जंतुक करून. मला वाटलेलं गुंडांचे मोठमोठे सुरे असतील, तसले आहेतच पण जवळून बघाल तर घरातल्याच सुऱ्या जास्त डोळ्यात भरतात.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. ड्युटीवर फोन चालत नाही तरी उचलला, दाखवलं तिला. आई म्हणते, "अरे ही काळ्या मुठीची तर कांदा चिरायची, अगदी आपल्याकडे आहे तशी." पुढचं ऐकायच्या आत सुपरवायझरने झापलं, फोन खिशात.

दुपारी पाऊस भुरभुरत होता, गर्दी पांगली होती, तेव्हा एक साठीच्या बाई आल्या, गळ्यात दुर्बीण. मला वाटलं पक्षी बघणाऱ्या असतील (इकडे फार असतात). त्यांनी दुर्बीण लावली ती पंखांवर. पंखांना मुठी नाहीत, नुसती पाती, पिसांसारखी, आणि त्यातल्या काहींवर घरच्यांनी चाकूहल्ल्यात गेलेल्या आपल्या मुलांसाठी मजकूर कोरलाय, हे मला सकाळी ब्रीफिंगमध्ये सांगितलं होतं पण खालून काही दिसत नव्हतं म्हणून विसरलो होतो.

बाईंनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि नीट रस्ता सांगावा तसं सांगितलं, डावा पंख, टोक मोडलेलं पातं शोध, तिथून वर तिसरं. काच ओली, मला आधी नुसतं राखाडी दिसत होतं, मग नाव दिसलं. ते इथे लिहीत नाही. नातू होता, १७ वर्षांचा.

मी काय बोलणार, सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या हा पुतळा लिव्हरपूलला होता तेव्हा गेले होते, मग हल शहरात पण, आता इथे, हा फिरतो ना गावोगाव मग मीही फिरते. इथून कुठे जाणार विचारलं. मला माहीत नव्हतं. मघाशी झापलेल्या सुपरवायझरला जाऊन विचारून आलो, म्हटलं मे मध्ये बर्मिंगहॅमला.

बाईंनी पर्समधून बसचं तिकीट काढलं, पाठीमागे लिहिलं, आणि विचारलं बर्मिंगहॅमला स्टेशनपासून लांब पडेल का.